ब्रिटनच्या इतिहासात जिंकलेल्यांपेक्षा हरलेले राजे जास्त महत्त्वाचे आहेत

ब्रिटनचे सगळ्यात फेमस राजे-राण्या कोण असं कुणालाही विचारा, यादी ठरलेलीच असते. सहा बायकांचा आठवा हेन्री, पहिली एलिझाबेथ, व्हिक्टोरिया, सिंहहृदयी रिचर्ड आणि आता त्यात दुसऱ्या एलिझाबेथची भर. क्विझ असो, वेबसिरीज असो की रील्स, हीच पाच-सहा नावं फिरून फिरून येतात. २००२ साली बीबीसीने लोकांची मतं घेऊन महान ब्रिटिशांची यादी काढली, त्यात पहिल्या दहात राजघराण्यातल्या दोनच जणी होत्या, सातव्या नंबरवर पहिली एलिझाबेथ आणि तिसऱ्या नंबरवर डायना, जी कधी राणी झालीच नाही. आणि त्याच यादीत दहाव्या नंबरवर ऑलिव्हर क्रॉमवेल होता, म्हणजे ज्याने राजाचं डोकं उडवण्याच्या हुकमावर सही केली तो माणूस!

माझं म्हणणं असं आहे की ही फेमस लोकांची यादी आपल्याला चुकीचा इतिहास शिकवते. ब्रिटनने जगाला जे काही खरंच घेण्यासारखं दिलं, म्हणजे राजा सुद्धा कायद्याखाली असतो, पार्लमेंटच्या परवानगीशिवाय टॅक्स लावता येत नाही, कुणालाही उचलून तुरुंगात टाकता येत नाही, त्यातलं जवळजवळ काहीच या रुबाबदार राजांनी आपणहून दिलेलं नाही. ते आलं हरलेल्या राजांकडून, त्यांच्या हातून हिसकावून घेतलेलं. जॉन, पहिला चार्ल्स, दुसरा जेम्स. यांच्यावर कुणी कौतुकाने सिरीज बनवत नाही, पण लोकांचं आयुष्य बदललं ते या तिघांच्या पराभवांनी.

रिचर्ड आणि जॉन या भावांचंच बघा ना. लंडनला पार्लमेंटच्या बाहेर रिचर्डचा घोड्यावरचा मोठा पुतळा आहे, हातात उंच धरलेली तलवार, एकदम वीरपुरुष. हा माणूस ११८९ ते ११९९ अशी दहा वर्षं इंग्लंडचा राजा होता आणि त्या दहा वर्षांतले सहा महिने सुद्धा तो इंग्लंडमध्ये राहिला नाही. त्याच्या राज्याभिषेकाच्या दिवशीच लंडनमध्ये ज्यू लोकांवर हल्ले झाले, पुढच्या वर्षी यॉर्कला किल्ल्यात अडकलेल्या ज्यू कुटुंबांचा शेवट झाला, तोवर राजा धर्मयुद्धाच्या तयारीला लागलेला, पदं आणि जहागिऱ्या विकून पैसा उभा करत होता. ११९१ मध्ये धर्मयुद्धात पॅलेस्टाइनमधलं एकर नावाचं शहर घेतल्यावर त्याने सुमारे २,७०० कैद्यांची कत्तल करवली. परत येताना व्हिएन्नाजवळ पकडला गेला, आणि सम्राटाने त्याला सोडायची किंमत लावली दीड लाख मार्क. ती कोणी भरली? इंग्लंडमधल्या लोकांनी, उत्पन्नाचा आणि मालमत्तेचा चौथा हिस्सा देऊन. चर्चमधली सोन्या-चांदीची भांडी गेली, सिस्टर्शियन पंथाच्या मठांची वर्षभराची लोकर गेली. एका राजाला सोडवायला अख्खा देश पिळून काढला, आणि सुटून आल्यावर तो जेमतेम दोन महिने थांबून परत फ्रान्सला लढायला गेला तो कायमचाच.

मग रिकामी तिजोरी धाकट्याच्या गळ्यात पडली. जॉन काही भला माणूस नव्हता हे आधीच सांगतो. त्याच्या ताब्यात असलेला पुतण्या आर्थर गायब झाला तो झालाच, एका सरदाराच्या बायकोला आणि मुलाला त्याने कोठडीत उपाशी मारलं असं त्या काळचे लोक लिहून गेलेत. १२०४ मध्ये नॉर्मंडी हातची गेली, ती परत मिळवायच्या नादात दहा वर्षं तो टॅक्सवर टॅक्स, दंडावर दंड लावत राहिला, आणि १२१४ मध्ये ते युद्ध पण हरला. सरदार बिथरले, त्यांनी लंडन ताब्यात घेतलं, आणि १५ जून १२१५ ला थेम्सच्या काठी रनीमीडच्या कुरणात जॉनला मॅग्ना कार्टा मान्य करावा लागला.

हा मॅग्ना कार्टा एकदा नीट वाचावा असं मला मनापासून वाटतं, कारण तो वाचला की इतिहास कसा घडतो ते कळतं. त्यात मोठमोठी तत्त्वं लिहून ठेवलीयत असं आपल्याला वाटतं, पण बराचसा मजकूर अगदी रोजच्या तक्रारींचा आहे. थेम्समध्ये मासे पकडायला घातलेले बांध काढून टाका, म्हणजे होड्या जातील. दारू, बिअर आणि धान्याचं माप देशभर एकच ठेवा. कापडाचा पन्हा ठरवून द्या. विधवेवर दुसऱ्या लग्नाची जबरदस्ती करू नका. राजाच्या अधिकाऱ्याने कुणाचं धान्य पैसे दिल्याशिवाय उचलू नये, मालकाच्या मर्जीविरुद्ध त्याचे घोडे आणि गाड्या घेऊ नयेत. आणि या सगळ्याच्या मधे, ३९ आणि ४० नंबरची दोन कलमं, की कुठल्याही स्वतंत्र माणसाला त्याच्या बरोबरीच्या लोकांच्या निवाड्याशिवाय किंवा देशाच्या कायद्याशिवाय पकडायचं नाही, कैद करायचं नाही, त्याची मालमत्ता घ्यायची नाही, आणि न्याय कुणालाही विकायचा नाही, नाकारायचा नाही, लांबवायचा नाही. बस. आठशे वर्षं झाली, ही दोन वाक्यं अजून इंग्लंडच्या कायद्यात आहेत.

आता कुणी म्हणेल की ते सरदार काय लोकशाहीवादी होते का. नव्हतेच. त्यांना स्वतःच्या जमिनी वाचवायच्या होत्या, आणि त्या ‘स्वतंत्र माणसा’त त्या वेळच्या इंग्लंडमधले निम्मे शेतकरी येतच नव्हते, कारण ते जमीनदाराला बांधलेले होते. शिवाय पोपने दहा आठवड्यांत तो करारच रद्द ठरवला आणि जॉनही लगेच फिरला. पण १२१६ च्या ऑक्टोबरमध्ये जॉन मेला, गादीवर आला त्याचा नऊ वर्षांचा पोरगा, अर्धा देश बंडखोरांच्या हातात, आणि त्या पोराच्या बाजूने कारभार बघणाऱ्यांनी लोकांना आपल्याकडे वळवायला तोच मॅग्ना कार्टा काही कलमं गाळून पुन्हा काढला. मग १२१७ ला, मग १२२५ ला. म्हणजे राजा दुबळा होता म्हणून तो कागद टिकला. रिचर्डसारखा जबरदस्त, लोकप्रिय, लढवय्या राजा असता तर तो कागद निघालाच नसता, आणि निघाला असता तरी टिकला नसता. हाउस ऑफ लॉर्ड्सच्या सभागृहात आतल्या भिंतींवर मॅग्ना कार्टाच्या वेळच्या सरदारांचे आणि धर्मगुरूंचे अठरा पुतळे उभे आहेत, पण फोटो निघतात ते बाहेर घोड्यावर बसलेल्या रिचर्डचे.

आठव्या हेन्रीकडे येऊ, कारण फेमसपणात त्याला तोड नाही. त्याची आपल्या सगळ्यांच्या डोळ्यासमोर जी इमेज आहे ना, पाय फाकवून उभा, कमरेवर हात, खांदे दारात मावणार नाहीत एवढे रुंद, ती एका चित्रकाराची कमाई आहे. हान्स होल्बाइनने १५३७ मध्ये व्हाइटहॉलच्या महालात भिंतीवर ते चित्र काढलं, १६९८ च्या आगीत मूळ चित्र जळून गेलं पण तोवर त्याच्या इतक्या नकला झाल्या होत्या की आज पण पुस्तकाच्या कव्हरवर तोच हेन्री असतो. त्या चित्राच्या आदल्याच वर्षी तो घोड्यावरून पडून जबर जखमी झालेला, पायाची जखम चिघळत होती, दुसऱ्या बायकोचं, ॲन बोलिनचं डोकं त्याने मे महिन्यात उडवलं होतं आणि उत्तरेत त्याच्याविरुद्ध मोठं बंड झालं होतं. चित्रात यातलं काही दिसत नाही, आणि दिसू नये म्हणूनच ते काढलेलं.

त्या बंडाबद्दल आपल्याला कोणी सांगत नाही. सहा बायकांची नावं पाठ असतात, पण १५३६ ते १५४० या चार वर्षांत हेन्रीने सुमारे आठशे मठ बंद केले हे किती जणांना माहितीय? त्या काळात गरिबाला भाकरी, आजाऱ्याला खाट, वाटसरूला छप्पर हे मठातच मिळायचं. राजाने ते बंद केले, जमिनी ताब्यात घेतल्या आणि त्यातल्या बऱ्याच पुढे श्रीमंतांना विकून टाकल्या, छपरांवरचं शिसं वितळवून विकलं. यॉर्कशायरमध्ये लोक उठले, रॉबर्ट आस्क नावाचा वकील त्यांचा म्होरक्या होता, हजारोंची फौज त्याच्यामागे असताना त्याने लढाई टाळली कारण राजाच्या माणसांनी माफीचा आणि बोलणी करण्याचा शब्द दिला होता. त्याच्यावर विश्वास ठेवून लोक घरी गेले. १५३७ मध्ये आस्कला यॉर्कच्या किल्ल्यावर साखळदंडाने टांगून मारलं. मला विचाराल तर हेन्रीची ओळख व्हायला सहा लग्नांपेक्षा ही एक गोष्ट पुरेशी आहे.

आणि एक गंमत म्हणून नाही तर मुद्दा म्हणून सांगतो, ब्रिटनमध्ये आज सुद्धा एखाद्या कायद्यात ‘मंत्री हा कायदा पार्लमेंटला परत पूर्ण प्रोसेसमधून न नेता बदलू शकेल’ अशी तरतूद असली तर तिला ‘हेन्री आठवा क्लॉज’ म्हणतात. १५३९ मध्ये हेन्रीने आपल्या फर्मानांना कायद्याचं बळ देणारा कायदा करून घेतला होता, त्यावरून ते नाव पडलं. ब्रेक्झिटच्या कायद्यांच्या वेळी याच्यावरून केवढा वाद झाला होता. म्हणजे सहा बायका हा भूतकाळ आहे, पण राजाचा मनमानी अधिकार मंत्र्याच्या टेबलावर कसा येऊन बसतो हा आजचा प्रश्न आहे, आणि आपण लग्नांच्याच गोष्टी सांगत बसतो.

त्याच्या दोन्ही मुलींच्या बाबतीत तर नावांनीच निकाल लावून टाकलाय. मेरी म्हणजे ‘ब्लडी मेरी’, एलिझाबेथ म्हणजे ‘गुड क्वीन बेस’. कॅथलिक मेरीच्या पाच वर्षांत सुमारे २८० प्रोटेस्टंट जिवंत जाळले गेले, हे भयंकरच आहे, त्यात कमी-जास्त काही करायचं नाही. पण एलिझाबेथच्या काळात दोनशेच्या आसपास कॅथलिक धर्मगुरू आणि त्यांना थारा देणारे लोक मारले गेले, बरेच जण फासावरून अर्धमेले उतरवून पोट फाडून, ते ‘राजद्रोही’ म्हणून. हिशेब वेगळा राहिला कारण शेवटी प्रोटेस्टंट जिंकले आणि पुस्तकं त्यांनी लिहिली. शिवाय मेरी ही इंग्लंडची स्वतःच्या हक्काने राज्याभिषेक झालेली पहिली राणी होती, बाई राज्य करू शकते की नाही हा प्रश्न तिने १५५३ मध्ये सोडवला म्हणून १५५८ मध्ये एलिझाबेथला तो पुन्हा सोडवावा लागला नाही. याचं श्रेय मेरीला कोणी देतं का?

एलिझाबेथ हुशार होती, चव्वेचाळीस वर्षं देश सांभाळला, धर्माच्या भांडणात फ्रान्सची जशी राखरांगोळी झाली तसं तिने होऊ दिलं नाही, हे मान्य. पण तिची इमेज सुद्धा किती जपून सांभाळलेली होती ते बघा. १५९६ मध्ये तिच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे सल्लागार मंडळाने, राणीची न शोभणारी चित्रं नष्ट करायचा हुकूम काढला होता. तिची साठी उलटल्यावरच्या चित्रांत सुद्धा चेहरा तरुण मुलीचा आहे. १५८८ मध्ये स्पॅनिश आरमार हरलं, टिलबरीचं तिचं भाषण आजही लोक तोंडपाठ म्हणतात, पण ज्या खलाशांनी ते आरमार परतवलं ते त्यानंतरच्या काही आठवड्यांत बंदरांमध्ये साथीच्या तापाने आणि उपासमारीने मरत होते, पगार थकलेला, अंगावर धड कपडे नाहीत. मार्गेटहून त्यांच्या आरमारप्रमुखाने, लॉर्ड हॉवर्डने, वर पत्र पाठवलं की इतक्या शौर्याने लढलेली माणसं अशी हालहाल होऊन मरताना बघून कुणाचंही काळीज तुटेल. भाषण टिकलं, पत्र विसरलं गेलं. मला हे पत्र भाषणाइतकंच प्रत्येक पुस्तकात हवं आहे.

आता पहिला चार्ल्स. हा माणूस खासगीत सज्जन होता, बायकामुलांवर प्रेम करणारा, चित्रांचा दर्दी. आणि त्याला मनापासून वाटायचं की राजाला देवाने नेमलंय, त्याला जाब विचारणारे तुम्ही कोण. १६२९ ते १६४० त्याने पार्लमेंट बोलावलंच नाही, किनाऱ्यावरच्या गावांवर आरमारासाठी लावायचा टॅक्स शांततेच्या काळात अख्ख्या देशावर लावला. पैसे संपल्यावर पार्लमेंट बोलवावंच लागलं, भांडण पेटलं, आणि ४ जानेवारी १६४२ ला तो स्वतः हत्यारबंद शिपाई घेऊन हाउस ऑफ कॉमन्समध्ये शिरला, पाच सदस्यांना अटक करायला. त्यांना आधीच खबर लागली होती, ते नदीतून होडीने सटकले होते. राजा स्पीकरच्या खुर्चीपाशी गेला, इकडेतिकडे बघितलं, पाखरं उडून गेलेली दिसतात म्हणाला, आणि स्पीकरला विचारलं कुठे आहेत ते. स्पीकर विल्यम लेंथॉल, अगदी सामान्य, थोडा भित्रा म्हणून ओळखला जाणारा माणूस, गुडघे टेकून बसला आणि म्हणाला की महाराज, या जागी मला बघायला डोळे नाहीत आणि बोलायला जीभ नाही, हे सभागृह सांगेल तेवढंच. राजा रिकाम्या हाताने परत गेला.

मला ब्रिटिश इतिहासातला हा सगळ्यात मोठा क्षण वाटतो, कुठल्याही लढाईपेक्षा मोठा. गुडघे टेकलेले आहेत, मान खाली आहे, आणि तरी नाही म्हणतोय. त्या दिवसानंतर आजपर्यंत एकही राजा किंवा राणी कॉमन्सच्या सभागृहात कामकाज चालू असताना गेलेली नाही. पार्लमेंटचं नवीन सत्र सुरू होताना राजाचा दूत बोलवायला येतो तेव्हा कॉमन्सचा दरवाजा त्याच्या तोंडावर बंद करतात, त्याने तीनदा ठोठावल्यावर उघडतात. लोक याला टुरिस्टांसाठीचा तमाशा समजतात पण तसं नाहीये, त्या दारामागे राजा आणि पार्लमेंट यांच्यातलं यादवी युद्ध आहे, आणि त्यात इंग्लंडमध्ये, स्कॉटलंडमध्ये, आयर्लंडमध्ये लाखो माणसं गेली.

३० जानेवारी १६४९, कडाक्याची थंडी, चार्ल्सने दोन शर्ट घातले होते, थंडीने अंग कापलं तर लोकांना वाटेल मी घाबरलोय म्हणून. व्हाइटहॉलला बँक्वेटिंग हाउसच्या बाहेर त्याचं डोकं उडवलं. तो धैर्याने मेला यात शंकाच नाही. आणि क्रॉमवेलला मी काही हिरो मानत नाही, आयर्लंडमध्ये द्रॉएडा शहरात त्याच्या सैन्याने त्याच वर्षी जी कत्तल केली ती आयरिश माणूस आजही विसरलेला नाही, आणि पुढे त्यानेही पार्लमेंट बंद पाडलंच. पण देशाचा राजा देशाच्या लोकांविरुद्ध गुन्हा करू शकतो आणि त्याच्यावर उघड कोर्टात खटला चालू शकतो, ही कल्पना त्या जानेवारीत पहिल्यांदा प्रत्यक्षात आली. खटला चालवणारा वकील जॉन कुक, त्याला १६६० मध्ये राजेशाही परत आल्यावर फासावर चढवून त्याचे तुकडे केले. त्याचं नाव कुठल्याच फेमस यादीत नसतं.

दुसऱ्या जेम्सबद्दल थोडक्यात. त्याने कायदे परस्पर बाजूला ठेवायला सुरुवात केली, १६८८ च्या डिसेंबरमध्ये जावई विल्यम चालून आल्यावर पळाला, पळताना राजमुद्रा थेम्समध्ये फेकली, की मुद्रा नाही तर कारभार चालणार नाही. कारभार चालला. १६८९ च्या बिल ऑफ राइट्समध्ये लिहून घेतलं की पार्लमेंटशिवाय राजाने कायदा स्थगित करायचा नाही, टॅक्स घ्यायचा नाही, शांततेत सैन्य ठेवायचं नाही, आणि पार्लमेंटमध्ये बोललेल्याबद्दल कोणावर कोर्टात खटला नाही. त्याच कागदात कॅथलिक माणसाला गादीवर बंदी पण आहे आणि आयर्लंडच्या कॅथलिकांचे पुढे काय हाल झाले ते वेगळं सांगायला नको, त्यामुळे हे सगळ्यांचं स्वातंत्र्य नव्हतंच. नंतर ॲनने १७०८ मध्ये एका बिलाला संमती नाकारली ती शेवटची, त्यानंतर कुठल्याच राजाने तसं केलेलं नाही. जॉर्ज लोकांच्या काळात सत्ता हळूहळू पंतप्रधानाकडे गेली, चौथ्या विल्यमने १८३४ मध्ये पंतप्रधानाला घरी पाठवलं तेही शेवटचंच. हे राजे कोणाला आठवत नाहीत. आठवायला काही नाही अशा राज्यात लोक बहुतेक वेळा बरे जगतात.

मराठी माणसाने याच्यात एवढं का शिरावं? एक तर मुंबई. १६६१ च्या करारात पोर्तुगीज राजकन्या कॅथरीनच्या लग्नात दुसऱ्या चार्ल्सला मुंबई मिळाली, त्याला ती परवडेना, १६६८ मध्ये वर्षाला दहा पौंड भाड्याने कंपनीला देऊन टाकली. इथल्या कोळ्या-भंडाऱ्यांना कोणी विचारलं नाही. आणि दुसरं म्हणजे व्हिक्टोरिया, जिची फेमस यादीतली जागा अर्धी तरी आपल्या जिवावर आहे.

१ जानेवारी १८७७ ला दिल्लीत लॉर्ड लिटनने दरबार भरवून व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं, हत्ती, झेंडे, तोफा, राजे-महाराजे. त्याच वेळी दख्खनमध्ये दुष्काळ होता, सोलापूर-नगरकडची गावं ओस पडत होती, मद्रासकडे तर त्याहून वाईट, लाखो माणसं मेली, आणि सरकार बाजारात हात घालायचा नाही म्हणून धान्य बाहेर जाऊ देत होतं. त्या दरबारात पुण्याच्या सार्वजनिक सभेतर्फे गणेश वासुदेव जोशी, आपले सार्वजनिक काका, हातमागाच्या खादीत गेले आणि मागणी केली की राणीने हिंदुस्थानच्या प्रजेला ब्रिटिश प्रजेच्याच बरोबरीचे हक्क द्यावेत. म्हणजे बघा, त्यांनी राणीच्या थाटाला भुलून मुजरा केला नाही, तिच्या देशातल्या लोकांनी तिच्या पूर्वजांकडून जे हिसकावून घेतलं होतं तेच मागितलं. पुढे १८८८ मध्ये राणीचा मुलगा ड्यूक ऑफ कॅनॉट पुण्यात असताना महात्मा फुले शेतकऱ्याच्या वेशात मेजवानीला गेले आणि इथे बसलेल्या दागिन्यांनी मढलेल्या लोकांना हिंदुस्थानची प्रजा समजू नका, खरी प्रजा खेड्यात आहे, असं त्याला ऐकवलं. दादाभाई नौरोजी १८९२ मध्ये तिथल्याच हाउस ऑफ कॉमन्समध्ये निवडून गेले. १८५८ च्या जाहीरनाम्यात राणीने समान वागणुकीचं वचन दिलं होतं, तो कागद ही माणसं वर्षानुवर्षं सरकारच्या तोंडावर धरत राहिली.

आणि २२ जून १८९७, लंडनमध्ये राणीच्या साठ वर्षांची मिरवणूक, सेंट पॉलच्या पायऱ्यांवर प्रार्थना, आणि त्याच रात्री पुण्यात गणेशखिंडीला गव्हर्नरच्या बंगल्यावरचा समारंभ आटोपून निघालेल्या रँडवर चाफेकरांनी गोळी झाडली. प्लेगच्या नावाखाली घराघरात शिपाई घुसवल्याचा तो राग होता. लंडनच्या पुस्तकात त्या दिवसाचं एकच पान असतं. आपल्याकडे दोन्ही पानं आहेत म्हणून व्हिक्टोरियाबद्दल बोलायचा आपला हक्क कुठल्याही इंग्रजापेक्षा कमी नाही. आपण मात्र राणीचं बाईपण, तिचं अल्बर्टवरचं प्रेम, तिचा मुन्शी यातच रमतो, याचं मला वाईट वाटतं.

यावर एक आक्षेप नेहमी येतो की गोष्टी रंजक असल्याशिवाय पोरं इतिहास वाचणार कशी, सहा बायकांमुळे तरी हेन्री कळतो. मला हे पटत नाही. लेंथॉलचे टेकलेले गुडघे रंजक नाहीत? थेम्समध्ये बुडालेली राजमुद्रा? आस्कचा विश्वासघात? या गोष्टींत सिरीजवाल्यांना हवं ते सगळं आहे, फक्त मध्यभागी राजा नाही. राजाला मधे ठेवायची सवय लागली की आपण आपल्याकडच्या नेत्यांकडे पण तसंच बघायला लागतो, कोण किती रुबाबदार, कोणाचं भाषण कसं, कोणाचा पुतळा किती उंच, आणि त्याला नाही म्हणणारा माणूस कुठल्या खुर्चीत बसलाय हे विचारायचं राहून जातं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे, की दुसरी एलिझाबेथ काहीच हरली नाही आणि तरी सत्तर वर्षं आदराने राहिली, मग तिचं काय. तिने काम चोख केलं हे खरंय. पण तिला जमलं कारण तिच्याकडे हरण्यासारखं काही ठेवलंच नव्हतं, ते १६४९ आणि १६८९ मध्येच काढून घेतलेलं. जे अधिकार कागदावर राणीचे राहिले ते प्रत्यक्षात पंतप्रधान वापरतो, आणि धोका तिथेच आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये बोरिस जॉन्सनच्या सल्ल्यावरून तिने पार्लमेंट पाच आठवडे स्थगित करायला मंजुरी दिली, ब्रेक्झिटच्या ऐन मोक्याला. पहिल्या चार्ल्सने हेच स्वतःच्या मर्जीने केलं होतं, इथे पंतप्रधानाच्या मर्जीने झालं. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, आणि २४ सप्टेंबरला अकराच्या अकरा न्यायाधीशांनी निकाल दिला की ही स्थगिती बेकायदेशीर आहे. त्या निकालात १६११ सालच्या एका प्रकरणाचा दाखला आहे, पहिल्या जेम्सच्या काळातला, जेव्हा सर एडवर्ड कोक आणि बाकीच्या न्यायाधीशांनी राजाला सांगितलं होतं की देशाचा कायदा देतो तेवढाच अधिकार तुम्हाला आहे, त्यापलीकडे नाही. त्या आधारावर दुसऱ्या दिवशी, २५ सप्टेंबरला, हाउस ऑफ कॉमन्स परत भरलं आणि पंतप्रधानाला तिथे उभं राहून उत्तरं द्यावी लागली.